बयाबाईचं दही आणि नातवाची नजर

बयाबाईच्या हातचं दही सुरीनं कापावं असं. पन्हाळ्याखालच्या त्या गावात कुणाकडं पावणं आलं की विरजणाची वाटी घेऊन पोरगी हिच्याच दारात. चार म्हशी, दणकट आवाज आणि एक खोड. जे आपलं, त्याला दुसऱ्याचा हात लागलेला तिला खपायचा नाही.

आणि नेमका नातूच दुसऱ्याच्या हातात गेला की! सून अनुजा पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणं माहेरी गेली, कोल्हापुरात शिवाजी पेठेत, आणि सातव्या महिन्यातच बाळंत झाली. पोरगं जेमतेम किलोभराचं. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेलं. आत आईखेरीज एकाच बाईला सोडायचे, आणि ती बाई कोण? तर अनुजाची आई लीलाबाई. शाळेतली मास्तरीण, इस्त्रीची साडी, मऊ बोलणं. डॉक्टरांनी सांगितलं तसं ती बाळाला पदराखाली उराशी धरून बसायची, आणि काचेबाहेर बयाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या ल्येकाचं पोर, आणि पावणी मीच व्हय?

एक दिवस संयोगिता सिस्टरनं आईच्या दुधात कसलीशी पावडर कालवलेली बयाबाईनं काचेतून बघितली. दार उघडताच तिनं सिस्टरला गाठलं.

"आज्जी, पोटासाठी चांगले जंतू असतात त्यात," सिस्टर म्हणाली. "दह्यात असतात ना, तसलेच."

"दह्यात? मग माझं दही काय कुत्र्यानं खाल्लं? उद्या भांडंच आणती!"

"अजिबात नाही! घरच्या दह्यात आणखी काय काय असतं. एवढ्याशा पोटाला बोटभरसुद्धा चालायचं नाही. हे डॉक्टरांनी बघून दिलेलं आहे."

बयाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यात मागून लीलाबाई आली. "याचा डोळ्यांनाही उपयोग होतो का, त्यावर अभ्यास चाललाय म्हणे," ती म्हणाली. शेजारून डॉक्टर जात होते, ते थबकले. "चाललाय, पण अजून पक्कं काही नाही. पावडर पोटासाठी. लवकर आलेल्या बाळांच्या डोळ्यांतल्या शिरा अर्धवट असतात. त्या वाकड्या वाढल्या तर आतला पडदा सुटतो, नजर जाते. डोळे तपासावेच लागतात, वेळच्या वेळी."

आता डॉक्टर एवढं बोलले, पण बाईनं ऐकलं काय? दह्यातले जंतू डोळ्यांना चांगले. बास! पुढचं सगळं वाऱ्यावर गेलं.

बाळ अंगानं भरलं तसं घरी सोडलं. बयाबाईनं लेकाला, धैर्यशीलला, दमच दिला आणि सून-नातू थेट गावाकडं आणले. डोळ्यांची एक तपासणी झाली होती, दुसरी आठवड्यानं होती. त्या दिवशी सकाळीच लीलाबाईचा फोन आला, "तयार ठेवा, गाडी घेऊन येते."

"आज आवस हाय. आवसेला तान्हं पोर उंबऱ्याभाईर काढत न्हाईत आमच्यात."

अनुजा रडकुंडीला आली, धैर्यशील मधल्यामधी चुळबुळत राहिला. डोळ्यांची काळजी बाईला नव्हतीच, दह्यातले जंतू पोटात गेले होते की. आवस होती हे खरं, पण तिच्या पोटात दुखत होतं ते निराळंच. एकदा पोर पेठेत गेलं की ही मास्तरीण ठेवूनच घेणार!

दुपारी गाडी दारात थांबली. लीलाबाई उतरली. बयाबाई नातवाला मांडीवर घेऊन चौकटीत ठाण मांडून बसली. आता भांडण जुंपणार म्हणून शेजारच्या बायका दारात आल्या. पण लीलाबाईनं हातच जोडले.

"विहीणबाई, बाळ तुमच्याच मांडीवर असू दे. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसते. मागं वळून बघणारसुद्धा नाही. पण आज चला."

भांडायला काही उरलंच नाही, तेव्हा बयाबाई उठली. आणि लीलाबाई खरंच कोल्हापूर येईपर्यंत मागं वळली नाही. मान ताठ, डोळे रस्त्यावर. बाळ मध्ये रडलं तरी नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहराच उतरला. शिरा वाकड्या सुटल्या होत्या. लगोलग लेसर केलं. "आणखी आठवडा काढला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं," त्या म्हणाल्या. "आता नजर किती वाचली, ते बाळ मोठं होईल तसं कळेल."

झालं, बयाबाईचा जीव टांगणीला लागला. दही लावायची, पण ध्यान कुठलं? रोज पोराच्या तोंडापुढं पितळी तांब्या हलवायची, लाल बांगड्या नाचवायची. पोरगं आपलं आढ्याकडं डोळे लावून पडायचं. माझ्या जळकुटेपणानं पोराचं डोळं गेलं, म्हणून गोठ्यात म्हशीच्या आडोशाला तोंडात पदर कोंबून रडायची.

श्रावण उलटला. एका रविवारी लीलाबाई आली. पिवळी साडी नेसून दारातच उभी राहिली. आत यावं की नको, तिलाही कळेना. बाळ बयाबाईच्या मांडीवर होतं. त्यानं आढ्यावरची नजर काढली, हळूच मान वळवली, आणि त्या पिवळ्या साडीवर डोळे रोखले.

लीलाबाई भिंतीकडं सरकली. डोळे तिच्यामागं सरकले.

दिसतंय! पोराला दिसतंय की! आणि त्याच दमात बयाबाईच्या काळजात कळ उठली. एवढं दिस तांब्या मी हलवला, जागरणं मी केली, आणि मेल्यानं पहिलं बघितलं कुणाकडं? तर हिच्याकडं!

लीलाबाई डोळे पुसत खाली बसायला गेली.

"विहीणबाई, बसू नगासा!" बयाबाई ओरडली. "तिकडं जावा, चुलीकडं."

लीलाबाई चुलीकडं गेली. पोराचे डोळेही तिकडं गेले.

"आता दाराकडं. परत. आणि एकडाव!"

लीलाबाई येरझाऱ्या घालत होती, हसत होती, रडत होती. बयाबाईनं पोराची मान तळहातावर नीट पेलून धरली, ती त्याला पुरती दिसावी अशी.

"बघ रं," ती म्हणाली, "बघ तिच्याकडंच. माझं मरू दे."