मार्लिसच्या नावाचा मेंढा

ऑरिन ट्वेटला एकसष्टाव्या वर्षी स्वतःच्या बायकोचा हेवा वाटायला लागला. हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

मोंटानातल्या हार्लन फोर्क गावात तो तीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ हटवायची गाडी चालवत आला होता. गावात माणसं साडेपाचशे. बंदुका किती, ते कुणी मोजलं नव्हतं. ऑरिनकडे सहा होत्या. आजोबांची एक, कोल्ह्यांसाठी एक, ट्रकच्या सीटमागे कायम पडून असलेली एक, अशा. ऑक्टोबरात हरणांचा हंगाम उघडला की शाळेतले वर्ग अर्धे रिकामे पडायचे आणि मास्तर रागवायचे नाहीत, कारण दुपारनंतर तेही डोंगरातच असायचे.

पण हरीण मारणं वेगळं आणि रानमेंढा मारणं वेगळं. हरणाचा परवाना वाण्याच्या दुकानातही मिळतो. वरच्या कड्यांवर राहणाऱ्या, कानाभोवती गोल वळलेल्या शिंगांच्या मेंढ्यासाठी मात्र राज्याची सोडत निघते. कॅसल डोंगररांगेसाठी वर्षाला चार परवाने आणि अर्ज दोन हजारांच्या वर. ऑरिन एकोणतीस वर्षं अर्ज भरत होता. नाव लागलं नाही की एक गुण वाढायचा, गुण वाढला की पुढच्या वर्षी आशा थोडी वाढायची, आणि जूनमध्ये पुन्हा तेच उत्तर यायचं. तरी दर शरदात तो दुर्बीण घेऊन वर जायचा आणि मेंढे नुसते बघून यायचा. कोण कुठल्या घळीत बसतो, कोणाचं शिंग कुठे तुटलंय, सगळं त्याला पाठ होतं. या एका शिकारीसाठी म्हणून चौदा वर्षांपूर्वी त्याने एक हलकी रायफल घेतली होती. तिने अजून एकही जनावर पाहिलं नव्हतं.

त्याची बायको मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. माहेर ब्यूटचं, वडील खाणीत. लहानपणी वडिलांबरोबर हरणं मारलेली. पुढे दोन मुली झाल्या आणि शिकार सुटली ती सुटलीच. त्या वर्षी मार्चमध्ये तिची स्वयंपाकघरातली मैत्रीण रॉन्डा जेवणाच्या सुट्टीत फोनवर सोडतीचा अर्ज भरत होती, तिने मार्लिसचाही भरून टाकला. रात्रीच्या जेवणाला मार्लिसने हे सांगितलं तेव्हा ऑरिन खूप हसला. म्हणाला, चला, जूनमध्ये सरकारला शिव्या घालायला आता घरातच जोडीदार मिळाला.

जूनच्या एका सकाळी त्याने कॉम्प्युटर उघडला. त्याच्या नावापुढे नेहमीचं उत्तर होतं. मार्लिस हात पुसत मागे येऊन उभी राहिली. "आता माझंही बघून टाक," ती म्हणाली.

त्याने बघितलं. दोनदा बघितलं.

"लागलं तुझं," तो म्हणाला.

त्याने तिला जवळ घेतलं, अभिनंदनही केलं. मग बाहेर गेला आणि भर उन्हाळ्यात पुढच्या हिवाळ्याची लाकडं फोडत बसला. दुपार झाली तरी आत येईना, तेव्हा मार्लिसनेच पाव आणि मांसाचे काप बाहेर नेऊन दिले.

गावात बातमी पसरायला दिवस लागला नाही. लोखंडी सामानाच्या दुकानात मालक व्हर्लने काडतुसांचा डबा त्याच्यापुढे सरकवत विचारलं, "काय रे ऑरिन, यंदा हमाली का?" दुकानातले तिघे हसले. मग व्हर्ल आवाज खाली आणून म्हणाला, "अरे, कागद तिचा, चापावरचं बोट तुझं. वर डोंगरात कोण बघायला बसलंय?"

ऑरिनने आयुष्यात एक ससासुद्धा चोरून मारला नव्हता. तरी हे वाक्य दोन दिवस त्याच्या डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी भांडी पुसताना, कड्यावरचा नेम अवघड असतो, वारा फसवतो, असं लांबून लांबून बोलत तो त्या विषयावर आला. मार्लिसने त्याला पुरतं बोलूही दिलं नाही.

"परवान्यावर नाव माझंय ना? मग बंदूकही माझ्याच खांद्याला लागेल," ती म्हणाली. "तू नाही आलास तर रॉन्डा येईल."

त्यानंतर ती रोज संध्याकाळी पाठीवर वाळूची पिशवी घेऊन गावामागची टेकडी चढू लागली. रविवारी दोघं खडीच्या खाणीत नेमबाजीला जात. तिच्याकडे वडिलांची जुनी रायफल होती. दस्ता झिजलेला, वजनही बरंच. ऑरिनची हलकी रायफल घरात कपाटात होती. तिने ती मागितली नाही आणि त्यानेही दिली नाही. तीनशे पावलांवरच्या कागदावर तिच्या पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. दुर्बिणीतून बघून ऑरिन म्हणाला, "बरंय." त्या अंतरावर त्याच्या स्वतःच्या गोळ्या इतक्या जवळ बसत नसत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सप्टेंबरच्या शेवटी दोघं वर गेली. पाठीवर तंबू, अंगात नारिंगी जाकिटं, कमरेला अस्वलासाठी तिखटाचा फवारा. दोन दिवस माद्या आणि पिल्लंच दिसली. तिसऱ्या दुपारी मार्लिस पाणी आणायला ओढ्यावर उतरली. ऑरिन खडकाला टेकून समोरची घळ दुर्बिणीने चाळत होता. तेवढ्यात त्याला तो दिसला.

डाव्या शिंगाचं टोक तुटलेला तो म्हातारा नर. ऑरिन सहा वर्षं त्याला बघत होता. सहाशे पावलांवर एका कपारीत बसून तो निवांत रवंथ करत होता. मधल्या धारेआडून गेलं तर अडीचशेपर्यंत सहज पोहोचता आलं असतं. ऑरिनच्या सगळ्या वर्षांचा मेंढा तो हाच होता, आणि तो आता तिचा होणार होता.

मार्लिस बाटल्या भरून वर आली. थोडी धापा टाकत होती. "दिसलं काही?"

"नाही," ऑरिन म्हणाला.

दुर्बीण त्याने गळ्यातून काढून पिशवीत ठेवली. थोड्या वेळाने बघितलं तर कपार रिकामी होती. दुसऱ्या सकाळी उतरताना मार्लिसचा गुडघा सुजला होता. प्रत्येक पावलाला ती काठीवर भार देत होती. वाटेत ती म्हणाली की नाही मिळाला तर नाही मिळाला, पण तू माझ्यासाठी केवढा राबलास. ट्रकपर्यंत ऑरिन तिच्या मागेच चालत राहिला, कारण पुढे चाललं असतं तर तिच्यासाठी सारखं मागे वळावं लागलं असतं आणि तिला त्याचं तोंड दिसलं असतं.

पंधरा दिवसांनी पहिला मोठा बर्फ पडला आणि ऑरिनची खिंडीवर ड्युटी लागली. शनिवारी मार्लिस रॉन्डाला घेऊन वर गेली. रविवारी दुपारी गाडीतल्या वायरलेसवर ऑफिसातली पोरगी बोलली, "ट्वेट, तुझ्या बायकोने मेंढा मारलाय. रॉन्डा खाली येऊन फोन करून गेली. उतरवायला माणूस हवाय म्हणे, आणि लवकर, अस्वलाच्या आधी."

बदली माणूस येताच तो निघाला. उरलेल्या उजेडात चार मैल चढून पोहोचला तेव्हा दोघींनी मांस कापून कापडी पिशव्यांत भरलं होतं. मेंढा तो म्हातारा नव्हता. त्याच्याहून लहान, सहा-सात वर्षांचा, पण देखणा. एकच गोळी, बरोबर खांद्यामागे. रॉन्डा सांगत होती ते थांबेचना: मार्लिस पोटावर सरपटत कशी गेली, बर्फात किती वेळ पडून राहिली, मेंढ्याने मान वळवून सरळ तिच्याकडे कसं बघितलं, आणि गोळी सुटल्यावर ती मेंढ्याच्या मानेवर हात ठेवून कशी रडली. ऑरिनने शिंगांसकट डोकं आपल्या पिशवीवर बांधलं. वाटेत त्याच्या लक्षात आलं की परवान्याचा हेवा आता तेवढा राहिला नव्हता. आता त्याला रॉन्डाचा हेवा वाटत होता. तिथे ती होती, आणि तो नव्हता.

दोन दिवसांनी नवराबायको स्वयंपाकघरात मांस साफ करत बसली होती. मार्लिस सुरी चालवत होती, ऑरिन पुडक्यांवर तारीख घालत होता. चौथ्या की पाचव्या पुडक्याला तो थांबला.

"मला त्या दिवशी दिसला होता," तो म्हणाला. "तू पाण्याला गेली होतीस तेव्हा. तुटक्या शिंगाचा."

सुरी थांबली नाही. "माहितीये."

"कसं?"

"तीन दिवस दुर्बीण तुझ्या गळ्यातून उतरली नव्हती, आणि त्या भर दुपारी तू ती पिशवीत टाकलीस."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"सांगतोस का ते बघत होते. खाली येईपर्यंत वाट बघितली. मग ट्रकमध्ये. मग घरी." तिने चरबीचा तुकडा बाजूला टाकला. "राग आला होता, ऑरिन. अजूनही आहे थोडा. सुजलेल्या गुडघ्याने उतरले मी."

ऑरिनने पुढचं पुडकं ओढून त्यावर तारीख घातली. मार्लिस पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज जरा मऊ होता. "तू दर वर्षी वरून परत यायचास ना, तेव्हा तुझं तोंड कसं असायचं माहितीये? जेवायचं भान नसायचं. मुली दिवसभराचं सांगायच्या, तू हो हो करायचास. मी त्या डोंगरावर इतकी वर्षं जळत होते. असं काय आहे तिथे, ते मला बघायचं होतं. म्हणून रॉन्डाला म्हटलं, भर माझाही."

ऑरिनला वाटत आलं होतं की अर्ज गंमत म्हणून भरला गेला. त्याने पेन खाली ठेवलं.

"मग? बघितलंस?"

"बघितलं," मार्लिस म्हणाली. "तुझं काही चुकत नव्हतं."

यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. शिंगं बाहेरच्या खोलीत लागली. पाहुणे त्यांच्यासमोर उभे राहिले की ऑरिनला हटकून काहीतरी बाहेरचं काम आठवायचं. चर्चमधल्या जेवणाला लोक मार्लिसभोवती जमले की त्याच्या पोटात दुखायचं. फरक एवढाच पडला की आता तो ते मार्लिसपासून लपवत नव्हता. वसंतात त्याने तिसावा अर्ज भरला. ज्याला परवाना मिळतो त्याला सात वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही, त्यामुळे मार्लिस नुसती शेजारी कॉफी घेऊन बसली. जूनमध्ये नेहमीचंच उत्तर आलं.

"अजून जळतोयस?" तिने विचारलं.

"हो," ऑरिन म्हणाला.

"बरं. जळ." ती उठली आणि त्याच्या कपात कॉफी ओतली. "सप्टेंबरात मात्र बघायला दोघं जाऊ. आणि ऑक्टोबरात हरणांना तुझी ती हलकी रायफल मी घेणार. वडिलांची फार जड पडते."

ऑरिनने थोडा विचार केला आणि कपाटाची किल्ली कुठे असते ते तिला सांगितलं.