खांदेमळणीचा हात

जगात दोनच जातीचे प्राणी आहेत, ज्यांचं रक्त तपासून झालं ते आणि ज्यांचं अजून राहिलंय ते, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, हे यजमान. राहायला बिडकीनला. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर म्हणून उभी हयात गेली. डॉक्टर आले आणि बदलून गेले, हे आपले सूक्ष्मदर्शकाशेजारी काचा पुसत उभे. पुसता पुसता एकदा त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि तिथंच अडकले. गोचिडाच्या नाहीतर माशीच्या चाव्यातून जनावराच्या रक्तात शिरणारे ते एका पेशीचे जीव त्यांना सोयऱ्यांइतके ओळखीचे झाले. त्यांना ते 'मंडळी' म्हणतात. "गाईत मंडळी उतरलीत," असं त्यांनी सांगितलं की नवख्याला वाटतं, कुठून तरी वऱ्हाड आलंय. निवृत्त झाले तरी सदऱ्याच्या खिशात रक्त घ्यायच्या दोन काचा कायम असतात. "ह्यांच्या खिशात कंगवा नसंल, पण काच हाय. कपडे धुताना बोट माझं कापतंय," ही अक्कांची तक्रार त्यांच्या संसाराइतकीच जुनी आहे.

एकदा पाहुण्यांबरोबर त्यांनाही दौलताबादचा किल्ला बघायला नेलं. गाइड रंगात येऊन खंदक, अंधारी वाट, फितुरी असं सगळं सांगत होता. साडू हात मागं बांधून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ते समदं खरं. पण घोड्यांचं काय? खंदकात पाणी, पाण्यावर माशी, माशी चावली की घोड्याला सर्रा रोग. घोडी खंगली की किल्ला आपसूक पडतंय, फितूर काहून पाहिजे?" गाइडनं अदबीनं विचारलं, "सर, आप कौनसे कॉलेज में हैं?" साडू म्हणाले, "बिडकीनच्या." गाइडनं मान डोलावली आणि पुढं तासभर त्यांना विचारल्याशिवाय एक वाक्य बोलला नाही.

शेंद्र्याच्या लग्नात तर कहरच केला. नवरदेव घोडीवर, पुढं बँड, पोरं नाचतायत, आणि हे घोडीचं तोंड धरून तिची पापणी उलटून बघतायत. "पांढरीफट पडलीय. अंगात रक्त नाय हिच्या. उतरा, नवरदेव." मुलीकडचे भडकले, मुलाकडचे लाजले. साडू शांत. "लग्न अर्ध्या तासानं बी लागंल. घोडीला अर्धा तास सावलीत उभी करा." नवरदेव पायी मांडवात आला. आठ दिवसांनी घोडी सावरली म्हणून घोडीवाला त्यांच्या दारात पेढे घेऊन उभा होता, पण मुलीकडचे अजून त्यांना पत्रिका देत नाहीत.

भेटले की हे हात मिळवत नाहीत, खांद्यावर हात टाकतात, आणि दोन बोटं खांद्याच्या पुढच्या बाजूला हळूच दाबतात. याला मी कितीतरी वर्षं माया समजत होतो. मग अक्कांनी फोड केली. गोचीडतापात गाईच्या खांद्यापुढची गाठ सुजते, ती चाचपायची सवय बोटांना लागलेली. "मला बी लगीन ठरल्यावर असंच चाचपलं होतं," अक्का म्हणाल्या.

या बोटांचा खरा सण म्हणजे खांदेमळणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळायचे आणि 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणायचं, ही रीत. साडू लोण्याची वाटी घेऊन गल्लीभर फिरायचे, बैल असो, गाय असो, वासरू असो. लोकांना तो भक्तिभाव वाटायचा. ती तपासणी होती, आणि त्यांच्या बोटानं 'काही नाही' म्हटलं की माणसं निर्धास्त व्हायची.

एका वर्षी मीही बरोबर होतो, वाटी धरायला. शेजारच्या सुभद्राबाईंकडं एकच संकरित गाय, नुकती व्यालेली. बाईंच्या घरची मेंढरं केव्हाच गेली, आता घरात जनावर म्हणून हीच. गाय दोन दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती. आठवड्यापूर्वीच साडूंनी हात फिरवून 'काही नाही' म्हटलं होतं, म्हणून बाईंनी डॉक्टरांना बोलावलं नव्हतं. साडू बराच वेळ खांदा चोळत राहिले. मग मला जवळ ओढून कुजबुजले, "साडूभाऊ, इथं हात लावा."

"मी? भाऊसाहेब, मला गाईची भीती वाटते."

"लावा म्हणतो ना. शुगरनं माझी बोटं मेलीत. सहा महिने झाले. लोणी हाताला लागतंय का नाय ते बी कळंना. हिला बी मी तसाच हात फिरवून गेलो."

मी घाबरत हात घातला. लोण्याखाली, कातड्याखाली, लिंबाएवढं काहीतरी बोटांखालून सरकलं. मी सांगितलं. मला वाटलं, आता हे नेहमीच्या थाटात निदान जाहीर करतील, आणि मीही गप्प राहायचं ठरवलं होतं. ते सरळ उभे राहिले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, "सुभद्राबाई, गाठ हाय. ह्यांना लागली, मला लागली नाय. मागल्या वेळी बी लागली नसंल. माझा हात गेला. डॉक्टरला फोन लाव."

बाई रडवेल्या झाल्या. "अण्णा, उद्या पोळा, अन् आज जनावराला सुई टोचायची?"

"आवतण दिलंय ना तिला? मग उद्या जेवायला उभी राहायला पाहिजे."

संध्याकाळी डॉक्टर आले, कानाचं रक्त काचेवर घेतलं, सुई दिली. काच साडूंच्याच खिशातली होती. पोळ्याला गाय उभी राहिली नाही. पण तिसऱ्या दिवशी तिनं पुरणपोळीचा शिळा तुकडा खाल्ला आणि अक्कांनी मला शहरात फोन करून तो कसा खाल्ला ते सविस्तर सांगितलं. मला इतका आनंद माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

आता दर खांदेमळणीला मला बोलावणं असतं. साडूंना सदऱ्याची बटणंही अक्का लावून देतात. पण गल्ली सगळी फिरायची. ते गाईचं तोंड धरून तिच्याशी बोलत राहतात, मी लोणी चोळतो.

"काय लागलं?"

"काही नाही, भाऊसाहेब."

"नीट बघा."

मला पहिल्याच वेळी नीट कळलेलं असतं. तरी मी पुन्हा हात फिरवतो, अगदी सावकाश, कारण तेवढा वेळ ते डोळे मिटून उभे असतात आणि माझ्या हातानं गाय चाचपत असतात.