टाकी भरल्याचा सूर

सकाळपासून जिन्यात जळक्या तारांचा वास कोंडून राहिला आहे. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतला पाण्याचा पंप जळाला. खाली टँकरपाशी बादल्यांची रांग लागली आहे, सेक्रेटरींच्या नावाने शिमगा चालू आहे, आणि मला मात्र त्या वासासरशी गेल्या वर्षीची माझी भाची आठवते आहे. समोरच्याच दारात राहते ती, माझ्या भावाची मुलगी.

तेव्हा ती तिसरीत होती. पंप सुरू झाला की त्याच्या घरघरीत सूर मिसळून गुणगुणत बसायची. टाकी भरत आली की पंपाचा सूर चढतो म्हणे. आमच्या कानांना तो कधी चढलेला कळला नाही. "आत्या, भरली बघ," असं ती म्हणायची आणि खरंच थोड्या वेळात गच्चीवरून पाणी ओसंडायचं. त्याच कानांनी शाळेत तिचा जीव नकोसा केला होता. गणितं बाईंनी फळ्यावर पुरी लिहायच्या आत सोडवून मोकळी, पण वर्गातला पंखा करकरला की कानांवर हात ठेवून डोलत राहायची. शाळेतल्या समुपदेशक बाई भल्या होत्या. तिला पंख्यापासून लांब बसवा, डोलते तर डोलू द्या, एवढंच त्या म्हणाल्या. वहिनी भावाला म्हणाली, "उद्या सगळे वेडी म्हणतील रे तिला!" भाऊ म्हणाला, "काही नाही गं, हुशार आहे ती. जरा वळण लावलं की झालं." वळण हा आमच्या घराण्याचा लाडका शब्द. त्याने आजवर किती जणांना सरळ केलं, देव जाणे.

वळण लागलं. हात मांडीवर, तोंड बंद, हे ऐकू येतं नि ते ऐकू येतं असं सांगत सुटायचं नाही. दिवस शहाण्यासारखा गेला तर संध्याकाळी कुल्फी. आधी गुणगुणणं थांबलं, मग डोलणं. शाळेतून कौतुक आलं, तशी वहिनीने सत्यनारायण घातला. आरतीला झांजांनी घर दणाणून गेलं होतं आणि पोर पुतळ्यासारखी बसलेली. "किती सुधारली हो!" शेजारणी म्हणाल्या. प्रसादासाठी तिने मूठ उघडली तेव्हा तळव्यावर नखांचे लालभडक वण उमटले होते. मी शिऱ्याचा द्रोण बाजूला ठेवला. वहिनीला वण दाखवले, तर ती म्हणाली, "होईल सवय."

मघाशी ती रिकामी कळशी घेऊन माझ्या दारात आली. मी सहज विचारलं, "पंप बिघडलाय हे तुला ऐकू आलं नव्हतं का गं?"

"आलं होतं ना. कधीपासून खरवडत होता आतून."

"मग बोलली का नाहीस?"

"शहाण्या मुली नाही सांगत, आत्या." रुसवा नाही, तक्रार नाही; पाढा म्हणावा तसं म्हणाली.

संध्याकाळपर्यंत नवा पंप बसेल, नळांना पाणी येईल, हा वासही विरेल. समोरचं दार उघडं आहे. ती खुर्चीत बसली आहे, हात मांडीवर ठेवून, अगदी शांत. पूर्वी या शांततेचं कौतुक करणाऱ्यांत मी नव्हते, आज तर मला त्या शांततेची भीती वाटते. त्या पोरीच्या आत काही खरवडत असलं, तर ते आम्हाला आता कोण सांगणार?