औषधाची परीक्षा

सत्तरच्या दशकात मी राजारामपुरीत खोली घेऊन राहत होतो आणि कोल्हापुरातच एका कचेरीत कारकुनी करत होतो. सहा दिवस फायलीत मान घालायची आणि रविवारी पहिली एसटी पकडून हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावी जायचं, ते फक्त गळ टाकायला. आमच्या मळ्याला लागून ओढा आहे. त्याच्या वळणावर एक डोह होता. त्यात मरळ असायची, झिंगे असायचे, काठच्या दगडांखाली खेकडे. मला दुसरं कसलंही व्यसन नव्हतं. बिडी नाही, पत्ते नाहीत, सिनेमा नाही. एवढा एक डोह, आणि तोही माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने मला सुखासुखी लाभू दिला नाही.

दादा शेती बघायचा. वांगी, मिरची लावायचा आणि त्यांच्यावर एन्ड्रिन नावाचं कीडनाशक मारायचा. त्या दिवसांत भेसळीच्या औषधाची गावोगाव ओरड होती. बाकीचे लोक शिव्या देऊन गप्प बसायचे, पण आमच्या दादाचं डोकं चाललं. नवा डबा आणला की तो थेट डोहावर जायचा, झाकणभर औषध पाण्यात ओतायचा आणि काठावर बसून तंबाखू मळायचा. तंबाखू गालात जाईपर्यंत मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले, की औषध अस्सल. मग त्याच पाण्याने पंप भरायचा आणि फवारणी झाली की तिथेच धुवायचा.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी हातातला गळ खाली टाकला आणि भांडायलाच उभा राहिलो.

"अरे, किडीसाठी आणलंस ना? मग किडीवर मारून बघ की."

"कीड मरायला चार दिस लागत्यात. मासा लगेच सांगतोय."

"मग बादलीत बघ. एक मासा धर, बादलीत टाक."

"आन् बादली बाटवू व्हय? म्हशीला पाणी दावतो त्यातनं."

बादली बाटते हे त्याला कळत होतं. औषध ओतलं की दोन दिवस म्हशीला ओढ्याच्या वरच्या अंगाला न्यायचं, हेही कळत होतं. मेलेले मासे कुणी उचलून खाऊ नयेत म्हणून तो ते वहाणेने परत पाण्यात ढकलायचा. म्हणजे सगळं कळत होतं आणि तरीही ओढ्याचं काही नाही. "पाणी वाहतं हाय की," म्हणायचा. वाहून ते खालच्या गावात जातं, तिथेही माणसंच राहतात, असं म्हटलं की मला शहरातला शहाणा म्हणून मोकळा.

त्यात दादाची ही युक्ती गावभर झाली. मग जो तो आपापला डबा घेऊन आमच्या डोहावर यायला लागला. पावसात रानारानातलं खताचं, औषधाचं पाणी ओढ्याला येऊन मिळायचं ते वेगळंच. आधी झिंगे गेले. मग खेकडे. मग बेडूक ओरडेनासे झाले आणि डास वाढले. मी दुपारपर्यंत गळ टाकून बसायचो आणि वहिनीने माशासाठी वाटून ठेवलेल्या मसाल्याकडे बघत झुणका खायचो. "भावजी, बाजारातनंच आणत जावा की," वहिनी म्हणायची. दादा म्हणायचा, "ह्याचा गळच बोथट झालाय." त्या वेळी त्याच्या तोंडाकडे बघवत नसे.

अशी तीन वर्षं गेली. एका रविवारी मी पोचलो तर दादा डोहावर उभा, रागाने लाल झालेला.

"फशिवलं चाचानं. दोन झाकणं वतली, एक मासा मेला न्हाय."

चाचा म्हणजे हातकणंगल्याचा औषधाचा दुकानदार. अत्यंत सरळ माणूस. फवारताना तोंडाला फडकं बांधा म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागे लागायचा. दादाने मला जवळजवळ ओढतच दुकानात नेलं आणि चारचौघांत डबा फळीवर आपटला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचाने डबा फिरवून बघितला, हुंगला, दुकानाला कुलूप लावलं आणि सायकल काढली. "चल, तुझ्या डोहावरच बघू," एवढंच म्हणाला.

काठावर तो उकिडवा बसला आणि बराच वेळ पाण्यात बघत राहिला. पाणी नितळ होतं, तळाचे खडे दिसत होते.

"मेलं न्हाईत ते खरं," चाचा म्हणाला. "पर मरायला मासं हाईत कुठं ह्यात?"

दादाने वाकून पाहिलं. मीही पाहिलं. मला तर हे कधीच कळायला हवं होतं, पण मीही दर रविवारी आशेवर येत होतोच.

चाचाला वाटेला लावून दादा परत आला आणि म्हणाला, "चुकलं माझं." मी मनातून सुखावलो. आता तरी याच्या डोक्यात उजेड पडला, असं वाटलं.

"चाचावर उगंच आळ घेतला," तो पुढे म्हणाला. "पर औषधाचं खरं-खोटं ऱ्हायलंच की. फुडल्या ऐतवारी येताना पंचगंगेवरनं दोन मासं आण. जित्तं."

मी त्याला नाही नाही ते बोललो आणि न जेवताच निघालो. वहिनी मागोमाग बांधापर्यंत आली. वांग्याला अळी लागली होती आणि घरचा सगळा बाजारहाट त्या वांग्यांवर चालायचा. "आणा भावजी एवढ्या बारीला," ती म्हणाली. तिला नाही म्हणवलं नाही.

पुढच्या रविवारी तेलाच्या रिकाम्या डब्यात दोन मरळी घेऊन मी एसटीत बसलो. शेजारच्या म्हाताऱ्याने डब्यात डोकावून विचारलं, "कालवणाला व्हय, पावणं?" मी हो म्हणालो. डोहात सोडल्यावर त्या दोन्ही तळाशी गेल्या, मग हळूच वर येऊन काठाकाठाने फिरायला लागल्या. माझे हात गळासाठी शिवशिवले. माझ्यामागे दादा झाकण भरत होता. कित्येक महिन्यांनी त्या डोहात मला मासा दिसत होता आणि तो मारायला मीच आणला होता.