मोहाचा वास अन् कोरा कागद

"तोंड उघड. फूक मार."

प्रॅक्टिकलच्या टेबलासमोर बाहेरून आलेले परीक्षक सर मले म्हणत होते. सगळा वर्ग पाहून राह्यला होता. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाले, एकवीस वर्षांची पोरगी. अन् मी फूक मारली! आजही त्याचा राग येते मले. सरांचा येतेच, पण माझा जास्त येते. काऊन मारली मी?

होळीचे दिवस. मोहाचा हंगाम. मोहाची फुलं पहाटे गळतात, ऊन तापायच्या आत वेचा लागते, नाई तं ढोरं खाऊन जातात. आमच्या घरी हे काम मायचं. दोन वर्षांआधी तिले लकवा मारला. बाप नाई. मंग उरलं कोण? अंधारात उठायचं, मायले कूस बदलून द्यायची, तिचं अंग पुसायचं, पेज भरवायची, अन् टोपली घेऊन जंगलात. त्याच फुलांवर तिची औषधं, त्यावरच माझी परीक्षा फी. त्या दिवशी आठची एसटी पकडायची होती. हात साबणानं घासले, ड्रेस बदलला. पण मोहाचा वास केसांत शिरते, असा सुटत नाई.

"दारू पिऊन आलीस?" सरांनी नाक मुरडलं.

"नाई सर. सकाळी मोहा वेचला."

"तुमच्या लोकांत तर घरोघरी मोहाच्या दारूची भट्टी. मला शिकवू नकोस."

आमच्या गडचिरोलीत दारूबंदी. म्हणजे आरोप पिण्याचा नाई, गुन्ह्याचा. फूक मारून झाली, तोंडाले वास नव्हता. मंग चूक झाली म्हणतील? छे! कोरा कागद पुढं सरकवला.

"लिही. मी नशा करून आले, पुन्हा करणार नाही. मग बस परीक्षेला."

मागून कोणी तरी फिसकन हसलं. तीन वर्षं शिकवणाऱ्या आमच्या मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. मी पेन घेतला. "मी" एवढं लिहिलं. पुढं हात चालेच ना. कोण होती हो ती "मी"? पहाटे उठून काम करणारी, का सरांच्या डोक्यातली दारुडी? डोकं असं सणकलं! पेन खाली ठेवला.

"सर, मी पिली नाई. हे मी लिहीत नाई."

"मग अ‍ॅबसेंट लावतो."

"लावा."

बाहेर आली. हिंमत-बिंमत काही वाटली नाई. वर्ष गेलं, एवढंच वाटलं.

संध्याकाळी मॅडमचा फोन. "अजून वेळ आहे, एक ओळ लिहून दे, मी सरांना समजावते." मायनं ऐकलं. तिची जीभ जड झाली आहे, एकेक शब्द ओढून म्हणे, "लिहून दे ना बाई. कागदानं का होते?" अन् रडायले लागली. मले नोकरीवर पाहायची तिची एकच आस. तिच्यावर चिडता पण येईना.

निकालात नापास. शिष्यवृत्ती बंद. विद्यापीठात तक्रार दिली, पोच मिळाली, उत्तर नाई. येणार पण नाई. पुढच्या होळीले मायले कूस मीच बदलून देणार, परीक्षाही त्याच दिवसांत येणार, परीक्षक कदाचित तेच. बसीन मी. पुन्हा हाकललं तं पुन्हा बसीन. पण ती ओळ माझ्या अक्षरात या जगात कुठीच सापडणार नाई. मॅडम मागो, भूक मागो, माय मरता मरता मागो. मी लिहिणार नाई.