आत्याचं रुखवत

लग्न झाल्यापासून माझ्या मुलीला वाटत आलं, की आत्यानं आपल्या रुखवतात काहीच केलं नाही. तसं मीच वाटू दिलं.

आक्का, माझी थोरली बहीण, कासार आंबोलीत असते. लग्न ठरल्यावर तिनं रुखवताचं मनावर घेतलं. दुपारी गुरांचं आटोपलं की ओसरीवर बसायची. सुपाऱ्यांना कापडं नेसवून वरात केली, जुन्या लग्नपत्रिका कापून बैलगाडी केली, मूगडाळ आणि मसूर चिकटवून तुळशीवृंदावन केलं. हळदीच्या आदल्या दिवशी सगळं खोक्यात भरून माझ्याकडं दिलं. म्हणाली, "आडवं धरू नगं, डाळ गळंल."

व्याही हिंजवडीकडचे, मुलगा आयटीत. कार्यालयवाल्यानं तयार रुखवताचे फोटो दाखवले होते, भाड्यानं मिळायचं, मागं फुलांची भिंत, खाली दिवे. मी ते ठरवून टाकलं. घरात सांगितलं, गुडघ्यांमुळं आक्काला जमलं नाही.

कार्यालयात आक्कानं टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"आपलं कुटं हाय?"

"टेम्पोत राहिलं, आक्का. गडबडीत."

"राहतंय," ती म्हणाली आणि पंगतीला बसली. व्याह्यांसमोर भावाचं हसं नको, एवढंच तिनं बघितलं असणार. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही. मी तर नाहीच.

गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला. तिला सातवा लागलाय.

"पप्पा, आत्याला बाळासाठी टोपडं विणायला सांगाल का? लग्नात तिला जमलं नाही, म्हणून मला विचारायलाच कसंतरी होतं."

विचारतो म्हणालो. पण विचारायला तोंड नव्हतं. शेवटी एका सकाळी माळ्यावरून खोका काढला आणि आक्काकडं गेलो. ती शेंगा फोडत होती. खोका तिच्यापुढं ठेवला.

"हे टेम्पोत राहिलं नव्हतं. व्याह्यांपुढं मांडायची मला लाज वाटली. आणि पोरीला सांगितलं, तुला जमलं नाही."

तिनं खोका उघडला. डाळीला कीड लागलेली. वृंदावनाचा नुसता पुठ्ठा उरला होता, वरात तेवढी शाबूत. तिनं वरातीवरचं पीठ फुंकून उडवलं.

"तवाच सांगायचं व्हतंस. त्याच महिन्यात माज्या दिराच्या पोरीचं लगीन व्हतं. तिनं मागितलं बी. मी न्हाई म्हणले, भावाच्या पोरीसाठी केलंय म्हणून."

हे मला ठाऊक नव्हतं. चुकलं म्हणालो. ती परत शेंगांना लागली. मग टोपड्याचं सांगितलं, तेही खाली बघूनच.

"करीन की. पन आदी तिला सांग काय झालं ते. हितंच, माज्यासमोर."

मी फोन लावला. सांगायला फार वेळ लागला नाही. इकडं शेंगांचा आवाज चालू होता.

"आत्याकडं फोन द्या," मुलगी म्हणाली.

मी दिला. "बोल गं बाय," म्हणत आक्का उठून अंगणात गेली. तिथनं लोकरीच्या रंगांचं काहीबाही ऐकू येत होतं. मधेच एकदा ती हसली. फोन माझ्या हातात परत आला, तेव्हा मुलीनं तो ठेवून दिलेला होता.