शीटवर टाकलंय, बघा

स्टाफरूमच्या कपाटात जुने पेपर साचतात, तसे आमच्याकडे किस्से साचतात. पेपर निदान रद्दीवाला तरी नेतो.

दोन वर्षांपूर्वी वेळापत्रकाची वही गेली आणि ऑनलाइन शीट आली. कोण रजेवर, त्याचे तास कोण घेणार, हे ज्याचं त्याने मोबाईलवरून भरायचं. कुणी कुणाला विचारायला नको. तेव्हापासून विचारपूस दुप्पट झाली आहे.

*

पहिल्याच आठवड्यात आमचे क्लार्क भाऊसाहेब यांनी नावं बाराखडीप्रमाणे लावली. फक्त नावं. तास होते तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी खेळाचे गायकवाड सर दहावीच्या बीजगणिताला, आणि विज्ञानाचा मी मराठी व्याकरणाला. दोघंही आपापल्या वर्गावर गेलो.

मधल्या सुट्टीत मी गायकवाडांना छेडलं. ते म्हणाले, "शीटवर हाय ना? मग आपन कोन बोलनार?" त्यांनी पोरांना मैदानावर नेऊन 'क्ष' आणि 'य' अशा दोन टीम पाडल्या होत्या.

*

आपल्याला संगणक येत नाही, हे आमचे हेडसर अभिमानाने सांगतात. रोज सकाळी भाऊसाहेब त्यांना शीटची प्रिंट देतात. सर लाल पेनाने दुरुस्त्या करतात. भाऊसाहेब त्या शीटमध्ये घालतात आणि खात्रीसाठी पुन्हा प्रिंट काढतात.

तपासणीला आलेल्या साहेबांना सर म्हणाले, "कागद लई वाचला बघा."

*

गणिताच्या शेख मॅडम शीटवर कमेंट टाकतात, 'कृपया पाहावे.' मग दोन जिने उतरून मला सांगायला येतात, "सर, कमेंट टाकलीय."

मी 'पाहिले' असं लिहितो आणि दोन जिने चढून त्यांना सांगून येतो.

*

गायकवाडांनी एकदा आपल्या सगळ्या मोकळ्या तासांपुढे 'मैदान आखणी' भरून टाकलं. कुणाचा बदली तास गळ्यात पडायला नको. एका शनिवारी ते काष्टीच्या बाजारात बैलाचे दात बघताना भाऊसाहेबांना दिसले.

"सर, मैदान?"

"आखतोय की."

*

गेल्या महिन्यात शेख मॅडमच्या अम्मींचं नगरला ऑपरेशन ठरलं. मॅडमना आठ दिवस रजा हवी होती. हेडसरांचा नियम असा, की सगळ्या तासांपुढे नावं आल्याशिवाय रजेवर सही नाही. दहावीचं गणित, एकूण बावीस तास.

मॅडमनी रकाने मोकळे करून ठेवले. दिवसभर शीटच्या वरच्या कोपऱ्यात आम्हा आठ-नऊ जणांची चिन्हं दिसत होती. सगळे उघडून बघत होते, कुणी लिहील तर शपथ. मी दोन तास भरले आणि आपलं काम झालं असं मानलं. आज सांगायला लाज वाटते. मॅडमनी कमेंट टाकली नाही, आणि खाली सांगायलाही आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीट उघडली, तर उरलेले वीसही तास भरलेले. प्रत्येकापुढे 'मी घेतो' एवढंच. कुणी भरलं, तर शीट म्हणे 'अनामिक'. अक्षरं मात्र लाल.

भाऊसाहेब म्हणाले, "आईशप्पत, म्या न्हाई भरलं."

रजेवर सही झाली, मॅडम नगरला गेल्या. सोमवारी पहिल्या तासाची घंटा झाली आणि हेडसर खडू घेऊन दहावीच्या वर्गाकडे निघाले. गायकवाडांना राहवलं नाही. "सर, तुमाला शीट येती व्हय?"

"नाही," सर म्हणाले. "भाऊसाहेब, आजची प्रिंट आणा."